जनरल डॉज: कंपनीचा मुख्य इंजिनिअर आणि त्याच वेळी खासदार? मुलाला काय उत्तर देऊ?

मिसुरीकाठ:

नमस्कार मंडळी. प्रश्न अमेरिकेच्या इतिहासाचा आहे, पण इथे जाणकार भेटतील म्हणून विचारते.

आम्ही ओमाहाला राहतो. मिसुरी नदी ओलांडली की पलीकडे आयोवातलं कौन्सिल ब्लफ्स. तिथे टेकडीच्या उतारावर ग्रेनव्हिल डॉजचं घर आहे. १८६९ साली बांधलेलं, तीन मजली, चौदा खोल्यांचं, आता तिथे संग्रहालय आहे. मुलगा आठवीत आहे. त्याला शाळेत 'आपल्या भागातली एक व्यक्ती' असा प्रकल्प दिलाय आणि त्याने डॉज निवडला, म्हणून गेल्या शनिवारी दोघं जाऊन आलो.

माणसाचं आयुष्य वाचून मी खरंच थक्क झाले. १८३१ चा जन्म, मॅसॅच्युसेट्समधल्या डॅनव्हर्सचा. नॉर्विच विद्यापीठात इंजिनिअरिंग शिकून सर्वेच्या कामाने पश्चिमेला आला तो कौन्सिल ब्लफ्सचाच झाला. तिथे दुकानदारी, मालवाहतूक, बँक असं सगळं केलं. १८६१ ला यादवी युद्ध पेटलं तेव्हा उत्तरेच्या बाजूने चौथ्या आयोवा पायदळाचा कर्नल म्हणून गेला आणि मेजर जनरल होऊन बाहेर पडला. १८६६ मध्ये युनियन पॅसिफिकचा, म्हणजे मिसुरीकाठून पॅसिफिककडे जाणारी रेल्वे बांधणाऱ्या कंपनीचा, मुख्य इंजिनिअर. त्याच वर्षी निवडणूक जिंकून मार्च १८६७ ते मार्च १८६९ अमेरिकन प्रतिनिधिगृहाचा सदस्य.

परतताना पुलावर गाडी आली आणि मागच्या सीटवरून प्रश्न आला. "आई, म्हणजे तो रेल्वे कंपनीचा पगार घेत होता आणि कंपनीला सरकारी पैसे देणाऱ्या सभागृहातही बसत होता. मग तो नक्की कोणाच्या बाजूने होता?"

मी म्हटलं, त्या काळात चालायचं असं. तो गप्प बसला. पण मलाच तेव्हापासून चैन नाही. मी निविदा तपासण्याच्या विभागात काम करते. लांबचा चुलतभाऊ जरी बोली लावणाऱ्या कंपनीत असला तरी आम्हाला लेखी कळवून त्या फायलीपासून दूर राहावं लागतं. रोज हेच करणाऱ्या बाईने पोराला "चालायचं" म्हणून गप्प करावं, हे मनाला लागलंय.

खरंच चालायचं का तेव्हा? आणि या माणसाकडे कसं बघायचं? प्रकल्प पुढच्या शुक्रवारी द्यायचा आहे.

---

आखणीवाला:

ताई, तुमच्या चिरंजीवांनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. मी आयुष्यभर रेल्वेच्या आखणीत काम केलं, आता डेन्व्हरला लेकीकडे असतो. डॉज माझ्या फार जिव्हाळ्याचा विषय, त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आधी त्याची नजर. आखणीच्या धंद्यात सगळं पुस्तकी शिक्षण झालं तरी शेवटी एक गोष्ट उरते. समोरचा डोंगर बघून पाणी कुठून उतरतंय, माती कुठे धरेल आणि गाडी कुठून चढेल, हे पायांना कळावं लागतं. डॉजला ते कळायचं. ऑगस्ट १८५९ मध्ये अब्राहम लिंकन कौन्सिल ब्लफ्सला आला होता, तेव्हा तो राष्ट्राध्यक्ष व्हायचा होता. हॉटेलच्या ओसरीत त्याने या अठ्ठावीस वर्षांच्या पोराला गाठलं आणि विचारलं, पॅसिफिककडे जायला रेल्वेची सगळ्यात चांगली वाट कोणती? डॉज म्हणाला, इथूनच, प्लॅट नदीच्या खोऱ्याने सरळ पश्चिमेला. ही हकिकत डॉजने स्वतःच पुढे आठवणींत सांगितली आहे. चार वर्षांनी, नोव्हेंबर १८६३ मध्ये लिंकनने रेल्वेचं पूर्वेकडचं टोक ठरवलं ते ओमाहासमोरचा आयोवाचा किनारा. म्हणजे तुम्ही ज्या गावात शनिवारी गेला होतात, तिथेच शून्य मैल.

आता युद्ध. लढाईत तो दोनदा जबर जखमी झाला, १८६२ मध्ये पी रिजला आणि १८६४ च्या ऑगस्टमध्ये अटलांटाच्या खंदकात डोक्याला गोळी लागली तेव्हा. पण मला त्याचं खरं शौर्य दिसतं ते १८६३-६४ च्या हिवाळ्यात, टेनेसीमध्ये. उत्तरेचा सेनापती ग्रँट याला सैन्यापर्यंत रसद पोचवायला नॅशव्हिल ते डिकेटर हा लोहमार्ग हवा होता आणि शत्रूने तो पार उद्ध्वस्त केला होता. डॉजकडे सुमारे आठ हजार माणसं होती. हत्यारं काय? कुऱ्हाडी, टिकाव, फावडी. बस. धान्याचा साठाही नाही, कारण साठा यायचा तो याच मार्गाने.

मग त्याने काय केलं बघा. रांगेतून गिरणीकाम येणारे शिपाई वेगळे काढले आणि आसपासच्या गिरण्या चालवायला बसवले. ज्या गिरण्या लांब होत्या त्या मोडून रुळांच्या कडेला आणून पुन्हा उभ्या केल्या. लोहारांचे भाते, लोखंड, पोलाद, सगळं उचलून आणलं. शिपायांतले लोहार हत्यारं घडवायला लागले, लाकूडतोडे पुलांच्या तुळया आणि इंजिनांचं सरपण पाडायला लागले, सुतारकाम येणारे मोडके डबे जोडायला लागले. एकही बाहेरचा कारागीर नाही. ४० दिवसांत १८२ पूल आणि १०२ मैल मार्ग. हे आकडे ग्रँटने स्वतः आत्मचरित्रात लिहून ठेवलेत. मी उभ्या हयातीत चांगल्या हवामानात, क्रेन दिमतीला असताना एकेका छोट्या पुलावर महिना घालवलाय, म्हणून हे वाचताना अंगावर काटा येतो.

म्हणजे युनियन पॅसिफिकने त्याला घेतलं ते काही वशिल्याने नाही. तो त्या कामाचाच होता.

त्याचं सगळ्यात नावाजलेलं काम मी डोळ्यांनी पाहिलंय. दोन वर्षांपूर्वी जावयाबरोबर वायोमिंगमधल्या शायन गावाहून लॅरमीकडे मोटारीने गेलो. रॉकी पर्वताची ही पूर्वेची बाजू बहुतेक ठिकाणी अंगावर येते. मैदान संपतं, मधली मऊ माती झिजून गेलेली आणि मग ग्रॅनाइटची भिंत. पण शायनच्या पश्चिमेला एकाच ठिकाणी ती माती टिकून राहिली आहे. तिथे मैदानच एका अरुंद सोंडेसारखं हळूहळू चढत थेट ग्रॅनाइटला जाऊन भिडतं. बोटीवर चढायला फळी टाकतात ना, तसं, आणि भूगर्भवाले तिला म्हणतातही तसंच, गँगप्लँक. जावई म्हणाला, बाबा, घाट कुठे लागला? लागलाच नाही. कायद्याने या रेल्वेला मैलाला ११६ फुटांपेक्षा जास्त चढ चालणार नव्हता आणि इथे तो त्याच्या आत बसतो. आजही युनियन पॅसिफिकचे रूळ आणि हमरस्ता दोन्ही त्याच सोंडेवरून जातात.

डॉज सांगायचा की १८६५ च्या सप्टेंबरात मूळ रहिवाशांच्या लढवय्या टोळीने पाठलाग केला, तेव्हा जीव वाचवत या कण्यावरून खाली उतरलो आणि वाटेत कुठेच तुटका कडा लागला नाही, तेव्हाच कळलं की रेल्वे सापडली. पाठलागाचा तपशील किती रंगवलाय यावर इतिहासकार एकमत नाहीत. लेव्हल, म्हणजे उंची मोजायचं यंत्र, लावून मोजमाप केलं जेम्स इव्हान्सने, त्याचं नाव कोणी घेत नाही म्हणून मी मुद्दाम घेतोय. आणि १८६७ च्या उन्हाळ्यात या सर्वेच्या दोन तुकड्यांचे प्रमुख, हिल्स आणि ब्राउन, हल्ल्यांत मारले गेले. मोजणीची साखळी खांद्यावर घेऊन पुढे जाणारा माणूस नेहमी एकटा पडतो.

आता तुमचा प्रश्न. त्या चढाच्या माथ्यावर, ८,००० फुटांच्या वर, माळरानावर एक दगडी पिरॅमिड उभा आहे. साठ फूट उंच, आजूबाजूला गवत आणि वारा. पूर्वी रेल्वे त्याच्या शेजारून जायची. १९०१ मध्ये मार्ग दक्षिणेला सरकवला आणि तेव्हापासून तो एकटाच आहे. त्यावर ओक्स एम्स आणि ऑलिव्हर एम्स या भावांचे चेहरे कोरलेत, नाकं फुटलेली. ऑलिव्हर कंपनीचा अध्यक्ष. ओक्स हा कंपनीचा मोठा गुंतवणूकदार आणि त्याच वेळी मॅसॅच्युसेट्सचा खासदार. या ओक्सवर फेब्रुवारी १८७३ मध्ये त्याच्याच सभागृहाने निंदेचा ठराव केला होता. पिरॅमिड बांधला तो त्यानंतर, १८८० ते ८२ मध्ये.

मी त्या दगडाला पाठ टेकून बसलो होतो आणि तुमच्या मुलाचाच प्रश्न माझ्या डोक्यात होता. एकदम उलगडलं नाही, पण घरी येऊन वाचलं तेव्हा एक नाव सापडलं: पीटर डे. त्याच्याबद्दल इथे हिशेबातलं कोणी सांगेल तर बरं, मला करारमदार फारसे कळत नाहीत.

---

ताळेबंद:

काकांनी दार उघडून ठेवलंय तर मी आत येतो. मी लेखापरीक्षण करतो, त्यामुळे मला यातले रूळ कमी आणि नोंदी जास्त दिसतात.

ताई, "त्या काळात चालायचं" हे उत्तर अर्धवट आहे. चाललं, हे खरं. पण हे चुकीचं आहे हे त्या काळातल्या लोकांनाही पक्कं माहीत होतं. तीन पुरावे देतो.

पहिला पुरावा खुद्द कायद्यात आहे. युनियन पॅसिफिक १८६२ च्या कायद्याने जन्मली. सरकार तिला दर मैलाला कर्जरोखे देणार होतं: सपाटीला १६,००० डॉलर, मधल्या उंच भागाला ३२,००० आणि डोंगरात ४८,०००. शिवाय दर मैलामागे जमीन, ती १८६४ मध्ये दुप्पट केली. या पैशावर लक्ष ठेवायला राष्ट्राध्यक्ष काही संचालक नेमणार, आणि त्या सरकारी संचालकांकडे कंपनीचा एकही शेअर असता कामा नये अशी अट कायद्यातच होती. म्हणजे लक्ष ठेवणाऱ्याचा खिसा कंपनीत अडकलेला नसावा, हे तत्त्व त्यांना ठाऊक होतं. फक्त ते त्यांनी स्वतःला, खासदारांना, लावलं नाही.

जाता जाता एक. काकांनी सांगितलेला तो हलका चढ आठवा. डोंगर सुरू कुठे होतो हे ठरवायला सरकारी इंजिनिअर पाठवला, त्याने पायथा धरला तो शायनच्या थोडं पश्चिमेला. तिथून पुढचे १५० मैल ४८,००० च्या दराने. म्हणजे सगळ्यात महाग दर लागू झाला तो सगळ्यात सोप्या चढावर. नियमात बसून झालं हे. कंपनीला जागा जितकी इंजिनिअर म्हणून आवडली असेल तितकीच खजिनदार म्हणूनही.

दुसरा पुरावा पीटर डे. डॉजला १८५३ मध्ये आयोवाच्या सर्वेवर कामाला घेतलं ते याच डेने. डॉज त्याच्या हाताखाली शिकला. डे हा युनियन पॅसिफिकचा पहिला मुख्य इंजिनिअर. त्याने पहिल्या टप्प्याचा अंदाज काढला मैलाला सुमारे ३०,००० डॉलर. कंपनीची सूत्रं होती थॉमस ड्युरंटच्या हातात. ड्युरंटने कंत्राट दिलं ५०,००० डॉलर मैल या दराने, हॉक्सी नावाच्या आयोवातल्या राजकारण्याला. हॉक्सीने रेल्वे कधी बांधली नव्हती. त्याने ते कंत्राट लगेच पुढे ड्युरंटच्याच गटाला देऊन टाकलं.

हे असं का करायचं, मुलाला सोप्या शब्दांत सांगा. समजा पाच जण एका सोसायटीचे कार्यकारी सभासद आहेत. रंगकामाचं कंत्राट द्यायचंय. ते पाच जणच दुसऱ्या नावाने रंगकामाची कंपनी काढतात, तिला चढ्या दराने काम देतात आणि पैसे सोसायटीच्या खात्यातून काढतात. सोसायटी कर्जात जाते, रंगाची कंपनी श्रीमंत होते. इथे रंगाच्या कंपनीचं नाव क्रेडिट मोबिलिएर. रेल्वे कंपनीच्या नफ्याचा भरवसा नव्हता, बांधकामातला नफा मात्र हातात रोख.

डेने डिसेंबर १८६४ मध्ये राजीनामा दिला. कारण त्याने लिहून दिलं: या कंत्राटाला माझी संमती आहे असं दिसेल इतकं माझं नाव या मार्गाशी जोडलेलं मला नको. देशातल्या इंजिनिअरला मिळू शकेल अशी सगळ्यात मोठी खुर्ची होती ती, आणि ते त्यालाही माहीत होतं.

त्या खुर्चीवर १८६६ मध्ये डॉज बसला. हॉक्सी त्याचा जुना राजकीय मित्र. आणि क्रेडिट मोबिलिएरचे १०० शेअर डॉजच्या बायकोच्या नावावर होते.

तिसरा पुरावा, ओक्स एम्स. त्याने खासदारांना क्रेडिट मोबिलिएरचे शेअर बाजारभावापेक्षा खूप स्वस्तात वाटले. १८७२ मध्ये न्यूयॉर्कच्या 'सन' वर्तमानपत्राने ते बाहेर काढलं, चौकशी समित्या बसल्या आणि ठराव झाला तो काकांनी सांगितलाच. समितीला डॉजची साक्ष हवी होती. तो तेव्हा टेक्सासमध्ये दुसऱ्या रेल्वेच्या कामावर होता. साक्षीला आलाच नाही.

मला विचाराल तर माझ्या मनातून तो उतरतो तो इथे. शेअर घेतले, ते वाईटच. पण ज्या माणसाने गोळ्यांसमोर उभं राहून पूल बांधले, तो समितीच्या टेबलासमोर उभा राहिला नाही.

---

मिसुरीकाठ:

ताळेबंद, सोसायटीच्या रंगकामाचं उदाहरण त्याला रात्री जेवताना सांगितलं. क्षणात कळलं त्याला. "म्हणजे दोन्ही खिसे एकाचेच!" म्हणाला.

काका, एक विचारायचं राहिलं. तो प्रतिनिधिगृहात असताना प्रत्यक्षात काय करायचा? भाषणं, विधेयकं वगैरे?

---

आखणीवाला:

फार थोडं. तो वॉशिंग्टनमध्ये राहिलाच कमी. १८६७ च्या जुलैमध्ये तो शायनची जागा मुक्रर करत होता, गावाचे चौक आखत होता. १८६८ मध्ये लॅरमीजवळ डेल क्रीकवर सुमारे ६५० फूट लांबीचा लाकडी पूल उभा राहिला, वाऱ्याने हलायचा म्हणे, ते काम त्याच्या डोक्यावर. १८६८ च्याच जुलैमध्ये ड्युरंट त्याचा मार्ग बदलायला निघाला तेव्हा फोर्ट सँडर्सला ग्रँट, शर्मन, शेरिडन असे सगळे जुने सेनानी बसले आणि ग्रँटने डॉजची बाजू घेतली. ग्रँट तेव्हा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार होता. तर आयोवाच्या मतदारांनी निवडून दिलेला माणूस वायोमिंगच्या माळावर तंबूत, आणि वॉशिंग्टनला गेला की रेल्वेची बाजू मांडायला. दुसऱ्यांदा तो उभा राहिला नाही.

१० मे १८६९ ला युटामधल्या प्रॉमंटरी समिटला दोन्हीकडून आलेले रूळ जोडले गेले, तिथलं ते छायाचित्र मुलाला दाखवा. दोन इंजिनं तोंडाला तोंड लावून, माणसं वर चढून बाटल्या उंचावतायत आणि मधोमध दोघे हात मिळवतायत. उजवीकडचा डॉज, डावीकडचा सेंट्रल पॅसिफिकचा, म्हणजे कॅलिफोर्नियाकडून रूळ टाकत आलेल्या कंपनीचा, मुख्य इंजिनिअर माँटेग्यू. त्या दिवशी डॉजची खासदारकी संपून दोन महिने झाले होते. ओमाहापासून तिथवर १,०८६ मैल झाले होते.

ताळेबंद, साक्षीचं तुम्ही म्हणालात ते मला पटतं, आणि पटताना त्रास होतो. मी या माणसावर प्रेम केलंय. पण आखणीवाल्याने एक शिकलेलं असतं: लेव्हल चुकीची निघाली की ती वहीत तशीच लिहायची, खोडायची नाही.

---

जुनी_पत्रं:

सगळे पैशाबद्दल बोलतायत, म्हणून मी दोन वेगळ्या गोष्टी टाकते.

एक. १८६३ च्या नोव्हेंबरात, म्हणजे काकांनी सांगितलेल्या पुलांच्या आसपासच, डॉजच्या माणसांनी टेनेसीत सॅम डेव्हिस नावाचा एकवीस वर्षांचा दक्षिणी हेर पकडला. त्याच्याकडे डॉजच्या सैन्याबद्दलचे कागद सापडले. डॉजचं स्वतःचं हेरखातं फार मोठं होतं, शंभरावर माणसं. जप्त केलेला कापूस विकून त्यांचे पैसे भागवायचा. त्यामुळे त्याला त्या कागदांचं मोल कळत होतं. त्याने पोराला सांगितलं, कागद कोणी दिले ते नाव सांग, जीव वाचेल. पोराने नाही सांगितलं. २७ नोव्हेंबरला पुलास्कीत त्याला फाशी झाली. पुढे कितीतरी वर्षांनी दक्षिणेत सॅम डेव्हिसच्या पुतळ्यासाठी वर्गणी गोळा व्हायला लागली, आणि वर्गणी देणाऱ्यांत डॉज होता. पुतळा १९०९ मध्ये नॅशव्हिलला विधिमंडळाच्या आवारात उभा राहिला.

ताई, हे मुलाला सांगा. ज्याला फासावर चढवलं त्याच्या पुतळ्याला पैसे पाठवताना या म्हाताऱ्याच्या मनात काय चाललं असेल, यावर मी पुष्कळदा विचार केलाय.

दोन. ती प्लॅटची वाट रिकामी नव्हती. शायन (गावाचं नाव यांच्यावरूनच), लकोटा, अरापाहो, पॉनी या मूळ रहिवासी जमातींची ती शिकारीची आणि राहण्याची भूमी होती. १८६५ मध्ये डॉजनेच सैन्याचा अधिकारी म्हणून त्यांच्याविरुद्धची मोहीम चालवली, आणि वर्षाच्या आत त्याच मुलखातून रेल्वे काढायला इंजिनिअर म्हणून तो परत आला. ऑगस्ट १८६७ मध्ये प्लम क्रीकला शायन लढवय्यांनी रूळ उखडून मालगाडी पाडली. दुसऱ्या बाजूला पॉनी स्काउट, म्हणजे सैन्यात भरती झालेले पॉनी, याच रेल्वेची राखण करत होते. सैन्य, कंपनी, सभागृह ही तीन टोकं एका माणसाच्या हातात होती म्हणतो आपण. ज्यांची जमीन गेली त्यांना यातल्या कुठल्या टोकाकडे दाद मागता आली असती? प्रकल्पात एक परिच्छेद तरी याचा असावा, अशी माझी कळकळीची विनंती.

---

मिसुरीकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रकल्प काल दिला.

जुनी_पत्रं, तुमचा परिच्छेद आहे त्यात, आणि तो त्याने स्वतः लिहिलाय. प्लॅटचा नकाशा काढून त्यावर आधी पॉनी आणि शायन यांची नावं लिहिली आणि मग रूळ काढले, हिरव्यावर काळे. सॅम डेव्हिसची गोष्ट त्याने तीनदा वाचायला लावली.

काका, १८२ पुलांसाठी त्याने एक पानभर १८२ छोट्या रेघा मारल्यात आणि खाली लिहिलंय "चाळीस दिवस". मी विचारलं, एवढ्या कशाला? म्हणाला, आकडा वाचून कळत नाही, मोजून कळतं.

आणि मुख्य गोष्ट. त्याने मुखपृष्ठावर प्रॉमंटरीचं छायाचित्र लावलंच, पण शेवटच्या पानावर पीटर डेचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं. मी त्याला सरळ सांगितलं की त्या दिवशी पुलावर मी दिलेलं उत्तर चुकीचं होतं. चालायचं असं नाही, काहींनी चालवून घेतलं आणि एकाने खुर्ची सोडली. तो म्हणाला, "मग डॉजला हे डेने सांगितलं नसेल का? त्याचा गुरू होता ना?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

डे पुढे आयोवाचा रेल्वे आयुक्त झाला, म्हणजे रेल्वे कंपन्यांवर सरकारतर्फे लक्ष ठेवणारा, हे मला काल रात्री वाचनात सापडलं. तो राहायचा आयोवा सिटीला. आमच्याकडून गाडीने साडेतीन-चार तास. मुलाचं म्हणणं, डॉजचं घर पाहिलं तर डेचं गावही पाहायला हवं. या रविवारी सकाळी सहाला निघतोय, डबा बांधून.